‘डिस्क सापडली नाही’ म्हणजे नेमकं काय?

आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. ज्याचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं तो सत्तरी ओलांडलेला माणूस बोलणार कशावर, तर जुन्या प्लेस्टेशनचे गेम संगणकावर चालवताना डिस्क ड्राइव्ह का रुसतो यावर! पण गेल्या पावसाळ्यात तीन आठवडे मी या एकाच प्रश्नात अडकलो होतो. त्यातून जे हाती लागलं ते सांगण्यासारखं आहे, म्हणून हा खटाटोप.

आधी प्रसंग सांगतो. १९९९ साली माझ्या बहिणीने अमेरिकेहून येताना मुलांसाठी प्लेस्टेशन आणलं. ते तिकडच्या १२० व्होल्टवर चालणारं. आपल्याकडे २३० व्होल्ट. मधे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावायचा, हे घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. तरी एके दिवशी घाईत कुणीतरी वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसली. एक बारीक आवाज, थोडा वास, आणि खेळ खलास. कुणी खुपसली, हे आजवर कुणी कबूल केलेलं नाही. यंत्र गेलं, पण नऊ डिस्क माळ्यावरच्या डब्यात राहिल्या.

गेल्या वर्षी नात म्हणाली, “आबा, बाबा लहानपणी खेळायचे तो गेम मला बघायचाय.” मी बाहेरून जोडायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह आणला, एम्युलेटर उतरवून घेतला. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम. डिस्क घातली. पडद्यावर आलं : डिस्क सापडली नाही. ओळखीच्या एका दुकानात दाखवलं. तिथल्या मुलाने डिस्क उलटीसुलटी करून पाहिली आणि निकाल दिला, “काका, पंचवीस वर्षांची सीडी आहे, गेली ती. टाकून द्या.” आणि खरं सांगतो, मी डबा भंगारात काढून ठेवलाही होता.

‘सापडली नाही’ आणि ‘नाही’

इथे मला माझाच एक जुना पाठ आठवला. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धी’ नावाचं एक स्वतंत्र प्रमाण मानतात. एखादी वस्तू न दिसणं हेच ती नसल्याचं ज्ञान देतं. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. नैयायिक हे वेगळं प्रमाण मानत नाहीत, पण एका अटीवर सगळ्यांचं एकमत आहे. न दिसणं ‘योग्य’ असलं पाहिजे. म्हणजे, घडा असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून घडा नाही असं म्हणता येत नाही.

आता पडद्यावरचं वाक्य पुन्हा वाचा. ‘डिस्क सापडली नाही.’ यंत्र खरंच बोलतंय. त्याला सापडली नाही, एवढंच ते म्हणतंय. ‘डिस्क खराब आहे’ हे आपण आपल्या पदरचं जोडतो. तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा तो हा : डिस्क चांगली असती, तर या ड्राइव्हला, या प्रोग्रॅमला, या मांडणीत ती दिसली असती का? आज जे सांगणार आहे ते सगळं या एका प्रश्नाचा विस्तार आहे.

आधी ड्राइव्हची पात्रता पाहा

काही डिस्क घरच्या ड्राइव्हला दिसूच शकत नाहीत. निन्टेन्डोच्या गेमक्यूबची आठ सेंटिमीटरची छोटी चकती घ्या. ती डीव्हीडीसारखीच बनवलेली असते, पण तिच्यावरची माहिती वेगळ्या पद्धतीने गुंफलेली असते. मोजके ड्राइव्ह सोडले तर संगणकाला ती वाचता येत नाही. ती उलटी फिरते असा समज आहे, तो चुकीचा. सेगाच्या ड्रीमकास्टची जीडी-रॉम साधारण एक गिगाबाइटची. तिचा आतला छोटा भाग साध्या सीडीसारखा असतो, तो संगणकाला दिसतो. खरा गेम मात्र बाहेरच्या दाट भागात असतो, तो दिसत नाही. माणूस म्हणतो, “डिस्क तर उघडली, मग गेम कुठे गेला?” गेम कुठेही गेलेला नाही. आपला चष्मा त्या नंबरचा नाही, एवढंच.

पहिलं प्लेस्टेशन मात्र आपल्या बाजूचं आहे. डिसेंबर १९९४ मध्ये ते जपानमध्ये आलं. त्याच्या डिस्क मूलतः सीडीच आहेत. खालची बाजू काळी दिसते म्हणून घाबरू नका. तो काळा रंग आपल्या डोळ्यांना जवळजवळ अपारदर्शक, पण सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त असतो, आणि त्याला तो रंग पारदर्शकच. डिस्कच्या आतल्या कडेला नक्कल ओळखण्याची एक खूण असते, खाचेच्या नागमोडी डुलण्यात लिहिलेली. ती संगणकाचा ड्राइव्ह वाचत नाही, पण एम्युलेटर ती मागतही नाही. थोडक्यात, प्लेस्टेशनची डिस्क चांगली असेल तर संगणकाला दिसायलाच हवी. इथे आपली अनुपलब्धी ‘योग्य’ होऊ शकते.

एका वेळी एकच बदल

आपल्या परंपरेत कारण शोधायची पद्धत आहे अन्वय-व्यतिरेकाची. हे असताना ते होतं, हे नसताना ते होत नाही. मी मात्र काय केलं? ड्राइव्हची वायर बदलली, सेटिंग बदलली आणि डिस्कही पुसली, सगळं एकाच वेळी. समजा चाललं असतं, तरी कशामुळे चाललं हे कळलं नसतं. तेव्हा क्रमाने जा.

पहिली पायरी : त्याच ड्राइव्हमध्ये गाण्यांची एखादी चांगली सीडी घाला. तीही दिसत नसेल, तर दोष गेममध्ये शोधू नका. यूएसबी ड्राइव्हला बऱ्याचदा वीज अपुरी पडते. चार तोंडांच्या हबवर तो लावला असेल तर काढा आणि थेट संगणकाला, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला, जोडा. माझ्याकडे पहिला दोष हाच निघाला! माझा ड्राइव्ह हबवर होता. तो फिरायला सुरुवात करायचा, धाप लागल्यासारखा थांबायचा, पुन्हा फिरायचा. दुकानातल्या निकालापैकी निम्मा इथेच रद्द झाला.

दुसरी पायरी : एम्युलेटर बाजूला ठेवा. गेमची डिस्क घालून संगणकाच्या साध्या फाइल-खिडकीत उघडा. बहुतेक प्लेस्टेशन डिस्कवर सिस्टीम डॉट सीएनएफ नावाची छोटी फाइल दिसते. ती नोटपॅडमध्ये उघडली, की सुरुवातीला कोणता प्रोग्रॅम चालवायचा त्याचं नाव त्यात असतं. ते नाव ‘एसएलयूएस’ किंवा ‘एससीयूएस’ने सुरू झालं तर डिस्क अमेरिकी, ‘एसएलईएस’ किंवा ‘एससीईएस’ असेल तर युरोपीय. हे दिसलं, म्हणजे ड्राइव्ह ठीक आहे, आणि डिस्कची निदान सुरुवात वाचली जाते आहे. आता दोष एम्युलेटरच्या मांडणीत शोधायचा.

तिसरी पायरी : एम्युलेटर योग्य ड्राइव्हकडे बघतोय ना? संगणकात आभासी ड्राइव्ह बसवलेले असतील तर तो भलत्याच रिकाम्या कप्प्यात डोकावत असतो. ईपीएसएक्सईसारख्या जुन्या एम्युलेटरमध्ये सीडी वाचण्यासाठी वेगळा प्लगइन निवडावा लागतो. त्यात विंडोज ९८ च्या काळातली ‘आस्पी’ नावाची पद्धत निवडलेली राहिली, तर नव्या विंडोजवर काहीच दिसत नाही. तिथे ‘आयओसीटीएल’ निवडायचं. डकस्टेशनसारख्या नव्या एम्युलेटरमध्ये प्लगइनची भानगड नाही, डिस्क सुरू करण्याचा सरळ पर्याय आहे.

चौथी पायरी : त्याच ड्राइव्हमध्ये दुसरी गेम डिस्क, आणि मग तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये. एक डिस्क सगळीकडे अडली, तर डिस्कवर संशय घ्या. सगळ्या डिस्क एकाच ड्राइव्हमध्ये अडल्या, तर ड्राइव्हवर. हे इतकं साधं आहे की आपण करतच नाही.

वेगवान ड्राइव्ह, तरी खेळ अडखळतो

हबमधून सुटका झाल्यावर माझे गेम सुरू झाले. पण चालता चालता मधेच सगळं थिजायचं. पाच-सहा सेकंदांनी पुन्हा चालू. मला कळेना. प्लेस्टेशनचा ड्राइव्ह दुप्पट वेगाचा, म्हणजे सेकंदाला ३०० किलोबाइट वाचणारा. माझा त्याच्या दहापट. मग उशीर कसला?

कारण असं. प्लेस्टेशनमध्ये मुख्य मेमरी फक्त २ मेगाबाइट. त्यामुळे पुष्कळसे गेम सतत डिस्ककडे हात पसरतात, आणि कन्सोलची डिस्क त्या तयारीने फिरत असते. संगणकाचा ड्राइव्ह वेगळ्या संसारासाठी घडलेला. भराभर वाचायचं आणि काम नसलं की झोपायचं. गेमने काही क्षण काही मागितलं नाही, की ड्राइव्ह थांबतो. मग मागणी आली, की उठून, वेग घेऊन वाचेपर्यंत गेम ताटकळतो. जोरात धावणारा, पण हाक मारल्यावर सावकाश उठणारा नोकर म्हणा ना!

यावर खरा उपाय एकच. डिस्कवरून थेट खेळू नका. एकदा तिची पूर्ण प्रतिमा, ज्याला इमेज म्हणतात, ती हार्ड डिस्कवर घ्या आणि तिच्यावरून खेळा. मूळ डिस्कची झीज थांबते, आवाज थांबतो, थिजणं थांबतं. नव्या एम्युलेटरमध्ये वाचनाचा वेग वाढवायचाही पर्याय असतो. सुरुवातीला तो बंदच ठेवा, कारण काही गेमचा आवाज आणि चित्र मूळ वेगाच्या हिशेबाने बांधलेलं असतं.

प्रतिमा घेतली, पण काय सुटलं?

इथे मी दुसऱ्यांदा फसलो. मी ‘आयएसओ’ प्रकारची फाइल बनवली. रिज रेसर नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम झकास सुरू झाला, पण संगीत नाही. गाड्या धावताहेत, इंजिनं गुरगुरताहेत, गाणं मात्र गायब. दुसऱ्या एका गेममध्ये चित्रफीत आली की सगळं कोसळायचं. पुन्हा मनात तेच : डिस्क खराब.

सीडी म्हणजे काय, ते जरा पाहू. तिच्यावर माहिती छोट्या खणांत असते. मूळ वेगाने सेकंदाला ७५ खण वाचले जातात. प्रत्येक खण २३५२ बाइटचा. साध्या माहितीच्या खणात त्यातले २०४८ बाइट कामाचे असतात. बाकीचे खणाचा पत्ता आणि चूक दुरुस्त करण्याची तजवीज यांत जातात. आयएसओ फाइल फक्त ते २०४८ उचलते.

पण प्लेस्टेशनच्या चित्रफिती आणि संवाद बहुधा दुसऱ्या जातीच्या खणांत ठेवलेले असतात. तिथे दुरुस्तीची तजवीज कमी करून कामाचे २३२४ बाइट भरलेले असतात, आणि हा खण आवाजाचा की चित्राचा, हे सांगणारी छोटी चिठ्ठीही असते. २०४८ च्या मापाने कापलं की माल तुटतो आणि चिठ्ठी हरवते. रिज रेसरचं म्हणाल, तर त्याचं संगीत सरळ गाण्याच्या सीडीसारखे वेगळे ट्रॅक म्हणून डिस्कवर आहे. गेम स्वतः मेमरीत बसतो आणि डिस्क पुढे फक्त गाणी वाजवते. मूळ यंत्रात गेम सुरू झाल्यावर आपली आवडती गाण्याची सीडी घालता येत असे, ती यामुळेच. आयएसओमध्ये पहिला ट्रॅक आला, गाणी मागे राहिली.

म्हणून प्लेस्टेशनसाठी प्रतिमा घ्यायची ती ‘बिन’ आणि ‘क्यू’ या जोडीत. बिनमध्ये पूर्ण २३५२ बाइटचे खण असतात, आणि क्यू म्हणजे कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो याची यादी. पुढे जागा वाचवायची असेल तर या जोडीची ‘सीएचडी’ ही दाबलेली फाइल करता येते. तिच्यात काही गळत नाही.

काही युरोपीय गेमचा आणखी एक नखरा आहे. त्यांच्या डिस्कवर, मुख्य माहितीच्या शेजारून धावणाऱ्या उपवाहिनीत मुद्दाम काही खुणा बिघडवून ठेवलेल्या असतात. त्या सापडल्या नाहीत, की गेम पुढे कुठेतरी अडून बसतो. साध्या बिन-क्यूमध्ये त्या येत नाहीत. त्यासाठी ‘एसबीआय’ नावाची छोटी सोबतीण फाइल लागते.

नावात काय आहे? पुष्कळ काही!

तिसरी फसगत तर माझ्याच हौसेची. प्रतिमा तयार झाल्या आणि मी त्यांना छान मराठी नावं दिली. ‘शर्यत’, ‘तलवार’ वगैरे. पुन्हा डिस्क सापडेना! क्यू ही साधी लिखित फाइल आहे. तिच्या पहिल्या ओळीत बिन फाइलचं नाव लिहिलेलं असतं. मी बिनचं नाव बदललं, पण क्यू जुन्याच नावाने हाका मारत राहिली. नाव बदलायचं तर क्यू नोटपॅडमध्ये उघडून आतही बदला. आणि एम्युलेटरला दाखवायची ती क्यू, बिन नव्हे.

शिवाय आपल्या भाषकांसाठी एक खास सूचना. युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने लिहिलेल्या जुन्या प्रोग्रॅमना देवनागरी नावाची फाइल उघडताच येत नाही. फाइलचं नाव रोमन असूनही फोल्डर देवनागरी असेल, किंवा विंडोजमध्ये तुमच्या खात्याचं नाव देवनागरीत असेल, तरी रस्ता अडतो. तेव्हा गेमसाठी सी ड्राइव्हवर रोमन नावाचं साधं फोल्डर करा. मराठीच्या अभिमानाला धक्का न लावता हे करता येतं.

ओरखडे, आणि एक बॉलपेन

आता खरोखर खराब डिस्ककडे येऊ. सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक. माहितीचा चकचकीत थर मात्र खालच्या बाजूला नसतो. तो वर असतो, छापील चित्राच्या लगेच खाली, पातळ लाखेच्या आवरणात. आपण जपतो खालची बाजू. नाजूक असते वरची.

खालच्या बाजूचे ओरखडे बऱ्याचदा माफ होतात. लेसर पृष्ठभागापलीकडे, आतल्या थरावर केंद्रित झालेला असतो, आणि माहिती अशी विखरून लिहिलेली असते की मार्गावरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा नाहीसा झाला तरी तो गणिताने भरून निघतो. म्हणूनच पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ न्यायचं, गोल गोल नाही. आडवा चरा मार्गाला थोडा थोडा छेदतो, तो दुरुस्त होतो. गोल चरा मार्गाच्या बाजूनेच धावतो आणि लांबलचक तुकडा एकदम खातो. गेम नीट चालतो पण चित्रफिती तेवढ्या अडखळतात, असं झालं तर तेही समजण्यासारखं आहे. त्या खणांत दुरुस्तीची शेवटची फळी नसते. अशी डिस्क कमी वेगाने, दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून पाहा. माझी एक डिस्क तशी वाचली.

आणि एक वाचली नाही. फायनल फँटसी सेव्हन हा तीन डिस्कचा गेम, १९९७ चा. त्याची दुसरी डिस्क कोणत्याच ड्राइव्हला पूर्ण वाचता येईना. उजेडासमोर धरली, तर वरच्या थरात टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले. ठिपके ओळीत होते. नीट पाहिलं तर अक्षरं होती. माझ्या मुलाचं नाव, माझ्या अक्षरात. शेजारच्या मुलांमध्ये डिस्क हरवू नये, भांडणं होऊ नयेत, म्हणून १९९९ साली मीच सगळ्यांवर नावं घातली होती. इतरांवर स्केच पेनने. त्या दिवशी पेन सापडलं नसेल, म्हणून या एकीवर बॉलपेनने, चांगलं दाबून. डिस्क जपण्यासाठी जे केलं, त्यानेच ती गेली.

म्हणजे हिशेब असा : नऊपैकी आठ डिस्क धडधाकट आहेत. त्या सगळ्या ‘गेल्या’ असं मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मान्य केलं होतं. जी खरोखर गेली, तिचं कारण वय नव्हतं. मी होतो.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, अशी प्रतिमा घेणं कायदेशीर आहे का?

एम्युलेटरबद्दल सांगायचं तर, कनेक्टिक्स कंपनीच्या व्हर्च्युअल गेम स्टेशनवर सोनीने खटला भरला होता. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. प्रतिमेबद्दल, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये संगणक-प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, मूळ प्रत नष्ट होण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा आहे. मुभा तुमच्या स्वतःच्या डिस्कची. मित्राला वाटायची नाही. आणि यंत्रातला मूळ प्रोग्रॅम, बायॉस, तोही सोनीचाच आहे. तो उचलून आणू नका. काही एम्युलेटर स्वतः लिहिलेला पर्यायी बायॉस वापरतात, त्यांचा विचार करा.

प्रश्न : प्रतिमा घेतली की मूळ डिस्क टाकून दिली तर?

नका टाकू. एक तर हक्क डिस्कबरोबर आहे. दुसरं, काही गेमना डिस्क बदलणं हाच खेळ वाटतो. मॉन्स्टर रँचरमध्ये घरातली कोणतीही सीडी घाला, तिच्यावरून तो नवा प्राणी जन्माला घालतो. व्हिब-रिबन तुमच्या गाण्याच्या सीडीवरून रस्ता आखतो. तिथे नुसत्या गेमच्या प्रतिमेने भागत नाही.

प्रश्न : तीन डिस्कच्या गेममध्ये पुढची डिस्क घातली तरी ‘डिस्क २ घाला’ हेच येत राहतं.

कारण मूळ यंत्रात डिस्क बदलताना झाकण उघडून बंद व्हायचं, आणि गेम त्या झाकणाची वाट बघतो. एम्युलेटरच्या मेनूत ‘डिस्क बदला’ असतं, त्याने झाकणाची नक्कल होते. गेम बंद करून नवी डिस्क सुरू करू नका. तिन्ही क्यू फाइलींची नावं एका ‘एम३यू’ यादीत लिहून ठेवली, तर एम्युलेटरला तिन्ही एकाच गेमच्या आहेत हे कळतं.

प्रश्न : मग तुमच्या नातीच्या गेमचं काय झालं?

ती अजून पहिल्या डिस्कवर आहे. शाळा असते, त्यामुळे रविवारी दोन तास. दुसरी डिस्क मी जुन्या बाजारात शोधतो आहे, अमेरिकी आवृत्तीची, वापरलेली चालेल. कुणाच्या माळ्यावर असेल तर कळवा. मात्र त्याआधी उजेडासमोर धरून पाहा, आणि कुणी ‘गेली’ म्हणालं तर लगेच विश्वास ठेवू नका.